नानांचं छत आणि आमचं मशीन

प्रेसमध्ये दोन गोष्टी रोज साठतात, कागदाची कात्रणं आणि किस्से. कात्रणं आठवड्याला रद्दीवाला पोत्यात कोंबून घेऊन जातो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही. ते साठतच जातात, आणि आम्ही जुने खिळे जुळवणारे दोघंतिघं कुठे चहाला भेटलो की ते पोतं सुटतं. मग चहा थंड होतो आणि घरी उशिरा गेल्याबद्दल बोलणी बसतात.

आमच्या प्रेसचे किस्से मात्र सगळे एकाच जातीचे, संशयाचे. याचं कारण माझ्या मते धंद्यातच आहे. छपाईचा खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उलटा असतो. दिवसभर उलटं वाचायची सवय लागली की माणूस घरी गेल्यावर सरळ गोष्टही उलटीच वाचतो. बायकोनं कधी "आज लवकर आलात" म्हटलं, तर मी विचारायचो, "का, कोण येणार होतं?" तिनं मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

आधी माणसं सांगतो, थोडीच आहेत. प्रेस अण्णांची. मशीनवर हमीदभाई. खिळे जुळवायला मी, मूळचा टेंभुर्णीचा, म्हणून जालन्यात माझं नावच टेंभुर्णीकर पडलं. आणि आमच्या डोक्यावर, म्हणजे अगदी खरोखर डोक्यावर, घरमालक नाना. जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीच्या गल्लीत त्यांचं घर. तळघरात आम्ही, वर नाना, त्यांची बायको, मुलगा आणि सून शोभावहिनी.

नाना जकात नाक्यावरून रिटायर झालेले. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक बैलगाडीकडं आणि टेम्पोकडं तीस वर्षं त्यांनी संशयानं पाहिलेलं. पोत्यात खुपसून माल तपासायची लोखंडी सळई त्यांनी रिटायर होताना घरी आणली होती, आणि भाजीवालीच्या टोपलीतसुद्धा ते ती एकदा घालून पाहत. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाची वरात त्यांनी नाक्यावर थांबवली होती आणि नवरदेवाची ट्रंक उघडायला लावली होती. ट्रंकेत धोतरं निघाली. नानांनी धोतरंही झटकून पाहिली, असं गल्लीत सांगत.

ही सगळी शहाऐंशी ते नव्वदच्या मधली गोष्ट.

* * *

एका पावसाळ्यात नानांचे देव सरकू लागले.

सकाळी पूजा करून ते देव चौरंगावर ओळीनं मांडत. दुपारी पाहावं तर पितळी बाळकृष्ण दोन बोटं पुढं आलेला. पहिला संशय अर्थातच सुनेवर.

"शोभा, तू देवघरात हात घातल्ता काय?"

"न्हाई हो मामा."

"मंग देव काय पायानं चालून राह्यले?"

शोभावहिनींनंतर संशय भांडेवालीवर गेला, मग मांजरावर, आणि शेवटी चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोवर. नाक्यावर जप्त केलेल्या मालाभोवती खडूची रेघ मारायची त्यांची पद्धत होती. तशी त्यांनी प्रत्येक देवाभोवती रेघ मारली आणि एका सकाळी पूजा उरकून दाराआड दबा धरून बसले.

दहा वाजता खाली हमीदभाईंनी मशीन चालू केलं. आमचं मशीन मोठं, बिडाचं, सिलिंडरचं. त्याचा पाटा पुढंमागं धावायचा आणि प्रत्येक कागदाला एक दणका. नानांच्या डोळ्यांदेखत सगळे देव थरथरू लागले आणि बाळकृष्ण हळूहळू रेघ ओलांडून बाहेर आला.

प्रेस आल्यापासूनच्या चार वर्षांत नाना पहिल्यांदा जिना उतरून प्रेसमध्ये आले. हातात बाळकृष्ण होता. तो त्यांनी अण्णांच्या टेबलावर ठेवला.

"हा पुरावा. तुमचं मशीन माझे देव हालवून राह्यलं. एक महिना देतो अण्णा. आवाज बंद करा, न्हाईतर तळघर खाली करा."

तळघर खाली करणं म्हणजे काय, हे नानांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. मशीन आत आणलं तेव्हा घराचं बांधकाम चालू होतं आणि पुढची भिंत उघडी होती. नंतर भिंत झाली, जिना झाला, आणि जिना इतका अरुंद झाला की मशीनची एक बाजूसुद्धा त्यातून वर जाणार नव्हती. मशीन बाहेर काढायचं तर नानांची भिंत फोडायची, नाहीतर मशीन फोडून भंगारात द्यायचं. अण्णांनी गावाकडची वाटणी विकून ते मशीन घेतलेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, डबा तसाच घरी गेला.

* * *

पण अण्णाही आमच्यातलेच. दुसऱ्या दिवशी त्यांना संशय आला.

"टेंभुर्णीकर, चार वर्षं आवाज होता. मंग आत्ताच कसा काय त्रास झाला? पोराला झेरॉक्सचं दुकान टाकून द्यायचंय नानाला, म्हणून हे नाटक आहे. तू वर जा. काही बी निमित्त काढ, चहा पी, अन् खरंच एवढा आवाज येतो का ते बघ."

मी वर गेलो आणि नानांना म्हणालो, जरा पंचांग पाहायचं होतं.

"कशाला? तुमचं तर लग्न झालेलं आहे."

तोंडाला आलं ते म्हणालो, "हमीदभाईंसाठी."

"हमीदभाईला पंचांग?"

आता माघार नव्हती. म्हणालो, मशीनला तेल द्यायला चांगला दिवस पाहतायत. नानांनी माझ्याकडं नाक्यावरच्या नजरेनं पाहिलं आणि आत चहा सांगितला.

तेवढ्यात खाली मशीन सुरू झालं. खिडकीच्या काचा वाजत होत्या, मांडणीवरची भांडी एकमेकांशी भांडत होती. चहा आला तर कप बशीत फिरू लागला. शोभावहिनींचं सहा महिन्यांचं बाळ आतल्या खोलीत रडत होतं आणि त्या त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "हे बुधवारीच झोपतंय बघा भाऊजी. बुधवारी तुमची सुट्टी असती ना." तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. मला फार लाज वाटली. चार वर्षं आम्ही समजत होतो की आमचा आवाज आमच्यापुरता आहे.

निघताना नाना दारापर्यंत आले.

"बघितलं ना? जा, सांगा अण्णाला. पंचांग मंगळवारी बघू."

* * *

पहिला उपाय हमीदभाईंनी आणला. त्यांचा चुलतभाऊ औरंगाबादेत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्यानं सांगितलं होतं की गाणी टेप करायच्या खोलीत भिंतींना अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे लावतात, ते आवाज पिऊन टाकतात.

स्टेशनसमोरच्या आम्लेटच्या गाड्यांवरून आम्ही दोनशे ट्रे जमवले आणि तीन दिवस छताला ठोकत बसलो. गाडीवाल्याचं मन राखायला मी एक आम्लेटही खाल्लं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

फरक पडला, पण चुकीच्या बाजूला. खाली आवाज जरा मऊ झाला आणि आमचं आम्हाला बोलणं ऐकू येऊ लागलं. वर कप तसाच फिरत होता. आणि पाचव्या दिवशी नाना सळई घेऊन जिन्यावरून उतरले. त्यांनी छताकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा आहे नाना. आवाजासाठी."

"ह्याच्यात काय होतं?"

"काही न्हाई. रिकामेच आणले."

"रिकामे व्हायच्या आधी काय होतं?"

नानांनी सळईनं ट्रे मोजले, एका ट्रेचे खळगे मोजले, आणि मनात गुणाकार करून म्हणाले, "सहा हजार. माझ्या देवघराच्या खाली सहा हजार अंडे ठोकले तुमी."

हमीदभाई म्हणाले, "नाना, अंडे तो लोकां खा गये."

"कोण लोक?" असं म्हणून नाना आमच्याकडं वळले. त्यानंतर आठवडाभर मी जिन्यात दिसलो की ते मला हात पुढं करायला सांगत आणि हुंगून सोडत. ट्रे त्याच दिवशी निघाले.

* * *

मग अण्णांच्या डोक्यात आलं की हलक्या वस्तूनं काम होणार नाही, जड वस्तू पाहिजे. आडतीची गल्ली असल्यामुळं बारदाना, म्हणजे रिकामी पोती, हवा तेवढा. आम्ही लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, पोत्यांत भरला, बांबूची माचण बांधली आणि ती भरलेली पोती छताला लागून रचली. तळघरात मान वर केली की पोतीच पोती.

लग्नपत्रिका छापायला येणारी माणसं वर पाहत आणि काही न विचारता निघून जात. ही न विचारणारी माणसंच धोक्याची. आठ दिवसांत पुरवठा खात्याचा एक साहेब दोन माणसं घेऊन दारात उभा. कोणीतरी अर्ज केला होता की या तळघरात धान्याचा साठा आहे.

"छताला?" अण्णांनी विचारलं.

"तेच बघायला आलोय," साहेब म्हणाला. "जमिनीवरचा साठा आम्हाला बराबर सापडतो, म्हणून लोक आता वर ठेवायला लागले असतील."

गल्लीत बातमी पसरायच्या आत नाना खाली हजर. आता हा माणूस आपल्याला बुडवणार, असं अण्णांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण नानांचं लक्ष अण्णांकडं नव्हतंच. साहेब स्टुलावर चढून एका काठीनं पोत्याला टोचत होता आणि नानांना ते बघवत नव्हतं.

"साहेब, असं न्हाई. काठीनं काय कळतं? ही सळई घ्या. सरळ घालू नका, तिरपी घाला. अन् काढताना फिरवून काढा, मंग आतला माल दिसतो."

साहेबानं सळई घेतली, तिरपी घातली, फिरवून काढली. अर्धं पोतं भुसा त्याच्या डोक्यावर आणि सदऱ्याच्या आत गेला. नाना खालून चिमूटभर उचलून वास घेत म्हणाले, "सागवान आहे."

कपडे झटकत साहेबानं अण्णांना विचारलं, "अहो, पण छताला भुसा कोण बांधतं?"

अण्णा हळूच म्हणाले, "ज्याच्या वर हे राहतात तो."

अर्ज कोणी केला ते कधी कळलं नाही. अण्णांचा संशय नानांवर. नानांचा संशय समोरच्या आडत्यावर. हमीदभाईंचा माझ्यावर, कारण अर्ज शुद्ध मराठीत होता. मी तो केलेला नाही, हे त्यांना मी अजून पटवून देऊ शकलेलो नाही. पोती मात्र उंदरांमुळं काढावी लागली. गल्लीतले सगळे उंदीर धान्य सोडून आमच्याकडं मुक्कामाला आले होते.

* * *

महिना संपायला आठ दिवस राहिले तेव्हा एका गिऱ्हाइकानं आष्टीच्या गणपत मिस्त्रीचं नाव सांगितलं. या मिस्त्रीनं पिठाच्या गिरण्या, जिनिंगची मशीनं बसवलेली.

मिस्त्री आला आणि दोन दिवस त्यानं काहीच केलं नाही. हमीदभाईंना मशीन चालू करायला सांगायचा, बंद करायला सांगायचा, आणि स्वतः डोळे मिटून कधी भिंतीवर, कधी खांबावर, कधी जमिनीवर तळहात टेकवून बसायचा. दुसऱ्या दिवशी सुतळीनं भिंती मापू लागला तेव्हा अण्णांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"हा झेरॉक्सच्या दुकानाचं माप घेऊन राह्यला. नानाच्या बायकोचं माहेर कुठलं आहे ठाऊक आहे का? आष्टी."

हे मिस्त्रीच्या कानावर गेलं. तो रागावला नाही. म्हणाला, "अण्णा, आष्टीत अर्ध्या जालन्याच्या सासुरवाड्या आहेत. मंग आष्टीच्या मिस्त्रीनं काम करावं कुठं?"

मग त्यानं आम्हा तिघांना खांबावर हात ठेवायला लावला आणि मशीन सुरू केलं. खांब अंगात ताप असल्यासारखा थरथरत होता.

"तुमी छताच्या मागं लागले. आवाज हवेतून जातो तो थोडा. हा जमिनीत उतरतो, खांबातून चढतो अन् नानाच्या चौरंगाला जाऊन मिळतो. आधी त्याचा पाय तोडा, मंग छत बघू."

ट्रकचा जॅक लावून त्यानं मशीन वर उचललं. प्रत्येक पायाखाली जुन्या टायरच्या रबराचे चार चार थर घातले. मग तळघराच्या आत दुसरं छत केलं. ते वरच्या छताला टांगलं नाही, स्वतःच्या लाकडी खांबांवर उभं केलं, आणि दोन्ही छतांत चार बोटं अंतर ठेवलं. त्या फटीत जुन्या गाद्यांचा कापूस, खाली जाड फळ्यांचे दोन थर, कडेच्या सगळ्या भेगा पुट्टीनं बंद. दारालाही आतून गादी ठोकली. त्याची एकच ताकीद होती, "हे छत त्या छताला एक खिळा बी शिवला न्हाई पायजे. एका खिळ्यातून सगळा आवाज वर जाईन."

शेवटच्या दिवशी हमीदभाईंनी मशीन सुरू केलं आणि अण्णा आणि मी वर गेलो. नानांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाळ झोपलेलं होतं, आणि तो शनिवार होता. अण्णा तिथंच उंबऱ्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मलाही आवरेना.

नाना मात्र खोलीच्या मध्यभागी उभे राहून कान देत होते. त्यांच्या कपाळावर आठी होती.

* * *

चौथ्या दिवशी ते खाली आले.

"काय चालू आहे?"

"छपाई," अण्णा म्हणाले.

"आवाज न्हाई."

"तुमीच बंद करायला सांगितला ना नाना."

"बंद करायला सांगितला. इतका न्हाई सांगितला."

मग कळलं की चार वर्षं नानांना वर बसून आमचं सगळं काम कळत होतं. संथ दणके म्हणजे लग्नपत्रिका. सलग दणके म्हणजे हँडबिलं. मध्येच थांबून दोन शिव्या म्हणजे कागद अडकला. आता त्यांच्या पायाखाली काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि हे त्या माणसाला सहन होणं शक्यच नव्हतं.

"तीस वर्षांत नाक्यावरून जी गाडी गपचूप गेली, तिच्यातच माल निघाला," असं म्हणून ते स्टुलावर बसले. दिवसातून दहादा येऊ लागले. टाकून दिलेले कागद उचलून उजेडात धरत. हमीदभाईंना एकदा त्यांनी सरळ विचारलं, "नोटा तर न्हाई ना छापून राह्यले?" हमीदभाई म्हणाले, "नाना, नोटा छापता तो ये चप्पल पैनता क्या?" नानांनी खाली वाकून चप्पल पाहिली. अंगठा तुटलेला होता, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

बाहेरही तेच. गिऱ्हाईक जिन्यापर्यंत यायचं, कान द्यायचं आणि परत जायचं. कोपऱ्यावरचा पानवाला सांगायचा की प्रेस बंद पडली, मालकाचं अन् घरमालकाचं वाजलं. शेवटी अण्णांनी मला मोठ्या खिळ्यांत पाटी जुळवायला लावली, "प्रेस चालू आहे", आणि ती जिन्यावर लावली. तिसऱ्या दिवशी एक शाळामास्तर पाटी वाचून पानवाल्याला म्हणाले, "चालू असती तर पाटी कशाला लावली असती?"

आणि त्याच आठवड्यात नानांनी दुसऱ्यांदा सांगितलं, "अण्णा, एवढं गुपचूप काम माझ्या घरात नको. उद्या काही निघालं तर पोलीस माझ्या नावानं येतील. दिवाळीपर्यंत तळघर खाली करा."

त्या संध्याकाळी अण्णा मशीनच्या पाट्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "आवाज होता तर आवाजापायी काढत होते. आता आवाज न्हाई म्हणून काढून राह्यले. टेंभुर्णीकर, माणसानं आवाज करावा तरी किती?"

* * *

दिवाळीला तीन आठवडे होते तेव्हा एका गावच्या सोसायटीच्या निवडणुकीच्या मतपत्रिकांचं काम आलं. नऊशे चाळीस मतपत्रिका. दोन पॅनेल, एक जुनं, एक नवं, आणि दोघांचाही जगात कोणावर विश्वास नाही.

अशा कामाची आमच्याकडं एक रीत होती. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस यायचा, पण आत बसायचा नाही. आत बसला तर एखादी मतपत्रिका खिशात घालेल, असा समोरच्याचा संशय. म्हणून दोघं जिन्यावर बसायचे, दार आतून बंद व्हायचं, आणि ते बाहेरून मशीनचे दणके मोजायचे. एक दणका, एक कागद. शंभर झाले की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. शेवटी दोघांचे चिंचोके जुळले आणि गठ्ठा अन् खराब कागद मिळून तेवढेच भरले की जास्तीचं काही छापलं नाही असं ठरायचं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

त्या दिवशी दोघं आले, जिन्यावर बसले, खिशात चिंचोके घेतले. हमीदभाईंनी दार लावलं. तीन-चार महिन्यांत अशा गुप्त कामाची वेळच आली नव्हती, त्यामुळं गादी ठोकलेल्या दाराचा आम्हाला कोणालाच विचार आला नाही.

तासाभरानं दारावर थाप पडली. हमीदभाईंनी दार उघडलं. जुन्या पॅनेलचा माणूस वैतागून म्हणाला, "अहो, सुरू कधी करता? बसून बसून पाय वळले."

हमीदभाई म्हणाले, "झालं की सगळं."

जे दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते ते एका क्षणात एक झाले. गठ्ठा मोजला, नऊशे चाळीस भरला. पण आणखी शंभर छापून लपवल्या नाहीत कशावरून? त्यांनी मशीनखाली पाहिलं, खिळ्यांचे खण उपसले, हमीदभाईंचा डबा उघडला. काहीच सापडलं नाही. नव्या पॅनेलचा माणूस म्हणाला, "म्हंजे चांगलंच लपवलंय." दोघंही सरळ तहसीलला जायला निघाले. बोगस मतपत्रिका छापल्याचा बोभाटा एकदा झाला की जालन्यात अण्णांना कोणी व्हिजिटिंग कार्डही छापायला देणार नव्हतं. अण्णा हात जोडून उभे होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नाना खाली आले. एवढंच राहिलं होतं, असं मला वाटलं.

नाना दारात थांबले आणि म्हणाले, "नऊशे सत्तावन."

कोणाला काही कळेना.

"नऊशे सत्तावन दणके झाले. गठ्ठ्यात नऊशे चाळीस आहेत ना? मंग सतरा खराब निघाले असतील. मोजा."

खराब कागद मशीनशेजारच्या टोपलीत होते. सुरुवातीला शाई बसवताना गेलेले आणि मध्ये दुमडलेले. दोघांनी जमिनीवर बसून ते एकेक उलगडून मोजले. सतरा.

जुन्या पॅनेलच्या माणसानं विचारलं, "नाना, तुमी मोजले?"

"न्हाई तर काय झोपल्तो?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्याची ट्रंक उघडली तो अण्णांसाठी खोटं बोलणार नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांनी गठ्ठ्यावर सही केली आणि खराब कागद तिथंच जाळून मतपत्रिका घेऊन गेले. आम्ही काही बोलायच्या आत नाना जिना चढून निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पेढे घेऊन वर निघाले आणि धीराला मला सोबत घेतलं. आभार मानायचे होते, आणि दिवाळीचंही विचारायचं होतं. खाली हमीदभाईंनी लग्नपत्रिका लावल्या होत्या. शोभावहिनींनी दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि देवघराकडं खूण केली.

नाना देवघरात फरशीवर पालथे पडले होते. फरशीवर स्टीलचा ग्लास उपडा ठेवलेला, त्यावर उजवा कान, आणि डोळे मिटलेले.

अण्णा हळूच म्हणाले, "नाना, ते दिवाळीपर्यंत खाली करायचं म्हणत होते..."

नानांनी डोळे न उघडता हात वर केला.

"गप बसा, मोजणी चुकंल. कुठं न्यायचं न्हाई मशीन. चारशे बारा. चारशे तेरा."